दुसरी सावली

"...आणि तेव्हा तू कुठे होतास?" अत्तार सरांनी विचारलं.

शार्दूलला प्रश्नच कळला नाही. गेली दहा मिनिटं तो हेच सांगत होता, की त्याचं विमान टेकडीवरून निघालं, चौदा किलोमीटर लांब गेलं, धरणाच्या भिंतीला वळसा घालून परत आलं आणि बॅटरीत जेमतेम चार मिनिटांची जान असताना त्याच्या पायाशी उतरलं. यात तो कुठे होता, हे विचारायचं काय कारण?

"टेकडीवर, सर. खुर्ची टाकून बसलो होतो."

"आणि विमान?"

"धरणावर."

"हं..." म्हणून सर पुन्हा रंधा मारायला लागले.

शार्दूल बर्गे मूळचा कोरेगावचा. मोबाइलच्या टॉवरांवर चढून अँटेना दुरुस्त करायचं त्याचं काम. सिग्नल कुठे पोचतो, कुठे अडतो, हे त्याला कागद न बघता सांगता यायचं. तीन वर्षांपूर्वी त्याला ड्रोनचा नाद लागला. ते लग्नात फोटो काढायला वापरतात तसले चार पंख्यांचे ड्रोन त्याला फारसे आवडले नाहीत. त्याला लांब पंखांचा, विमानासारखा दिसणारा ड्रोन हवा होता, एकदा सोडला की दूरवर जाणारा. विमानाच्या नाकावर कॅमेरा, आणि इकडे याच्या डोळ्यांवर चारी बाजूंनी बंद असा गॉगल. कॅमेऱ्यासमोर जे येईल ते गॉगलमध्ये दिसायचं. अँटेना तो स्वतःच बांधायचा, त्यामुळे त्याचं विमान इतरांपेक्षा तिप्पट लांब जायचं. धरणापर्यंतच्या त्या फेरीची फिल्म त्याने इंटरनेटवर टाकली होती आणि अकरा हजार लोकांनी ती पाहिली होती.

आता त्याला पंचवीस किलोमीटर जायचं होतं. त्यासाठी हलका, लांब, न वाकणारा पंख हवा होता. आणि तसा पंख करणारा हात जिल्ह्यात एकच आहे, असं त्याला चार जणांनी सांगितलं होतं.

कादर अत्तार आयटीआयमध्ये तीस वर्षं सुतारकाम शिकवून निवृत्त झाले होते. वाईत घराच्या मागच्या पडवीत त्यांनी छोटी कार्यशाळा थाटली होती. त्यांनी केलेला पंख मोटर न लावता नुसता हाताने सोडला, तरी माळाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला तरंगत जातो, असं शिकायला येणारी मंडळी सांगायची. दर रविवारी सकाळी सर गावाबाहेरच्या माळावर विमान उडवायचे. पण ते कधी लांब नेत नसत. विमानाचं शेपूट कोणत्या बाजूला आहे, हे नजरेला कळेनासं व्हायच्या आतच ते वळवून आणायचे. शार्दूलने एकदा ते पाहिलं होतं आणि त्याला हसू आलं होतं. एवढा सुंदर पंख, आणि दाव्याला बांधलेल्या वासरासारखा गोल गोल फिरवायचा.

आता सरांनी त्याला नियमाची आठवण करून दिली. उडवणाऱ्याला विमान स्वतःच्या डोळ्यांनी दिसत राहिलं पाहिजे, असा नियम आहे. शार्दूलचं उत्तर तयार होतं. तो म्हणाला की कॅमेरे चांगले नव्हते तेव्हा हे ठीक होतं. आता काळ बदललाय, सामान बदललंय, नियम करणारे मात्र जागचे हललेले नाहीत. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर...

"माझ्या कॅमेऱ्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त दिसतं, सर."

सरांनी रंधा बाजूला ठेवला. हातावरचा भुसा झटकला.

"दाखव."

शार्दूलने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. सरांनी चष्मा पुसला, पाटावर बसले आणि फिल्म पाहिली. टेकडी मागे पडली. उसाची रानं आली, नदी आली, तिच्या काठचे देवळांचे कळस आले, मग धरणाची लांबलचक भिंत आणि तिच्यामागचं निळं पाणी. शार्दूल मधूनमधून सांगत होता, इथे वारा आडवा आला, इथे सिग्नल कमी झाला, इथे मी उंची धरली साडेतीनशे फूट.

फिल्म संपली. सरांनी ती पहिल्यापासून पुन्हा लावायला सांगितली.

दुसऱ्यांदा संपली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली.

शार्दूलची छाती फुगली. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला भुरळ पडली.

तिसऱ्यांदा, नवव्या मिनिटाला, सर म्हणाले, "थांब. जरा मागे घे... थोडं अजून... हां."

पडद्यावर नुकतंच नांगरलेलं रान होतं. कडेच्या कच्च्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चालला होता. रानाच्या काळ्या मातीवर एक धुरकट ठिपका सरकत होता.

"ही कोणाची सावली?"

"माझ्या विमानाची."

सरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिचं टोक ठिपक्यापासून बोटभर बाजूला टेकवलं.

"आणि ही?"

शार्दूलने वाकून पाहिलं. तिथे एक काळसर कोर होती, बीजेच्या चंद्रासारखी. तिच्या पोटाखाली एक बारकी गाठ. पुढच्या सेकंदाला कोर ठिपक्यावरून गेली, आणि त्याच्या पुढच्या सेकंदाला दोन्ही पडद्याबाहेर.

"घार असेल," तो म्हणाला.

 सरांनी पेन्सिल आडवी धरून कोरीची लांबी मापली. मग तीच पेन्सिल उचलून रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवर ठेवली. ट्रॅक्टरच्या नाकापासून पहिल्या ट्रॉलीच्या शेवटापर्यंत माप बरोबर बसलं.

...

एवढी मोठी घार कुठेच नसते, हे शार्दूललाही माहीत होतं. पाचगणीच्या पठारावरून पॅराग्लायडर उडतात आणि खाली दरीतल्या रानांत उतरतात, हेही माहीत होतं. कापडी छत्रीसारखा लांब पंख, त्याखाली दोऱ्यांना लटकलेला माणूस. ती कोर म्हणजे तो पंख, आणि ती गाठ...

त्याने ही फिल्म दोनशे वेळा तरी पाहिली असेल. अकरा हजार लोकांनी पाहिली होती. सगळे विमानाबरोबर पुढे बघत होते.

"माझ्या विमानाच्या किती वर असेल तो?" त्याने विचारलं. 

"सावलीवरून ते कळत नाही," सर म्हणाले. "दहा फूट असेल. दोनशे असेल."

सरांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला आणि रंधा उचलला. शार्दूल वाट बघत राहिला. आता ते रागावतील, नियम पुन्हा ऐकवतील, पंख मिळणार नाही म्हणतील. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही. त्याने पंखाचं काय म्हणून विचारल्यावर ते मान वर न करता म्हणाले, "पंख करतो मी. पंचवीस जाईल असा. तोवर तू एक काम कर. ती सावली कोणाची होती, ते विचारून ये."

परतीच्या वाटेवर शार्दूल धुमसत होता. काही झालं तर नव्हतं ना? विमान आणि पॅराग्लायडर दोन्ही आपापल्या वाटेने गेली होती. महिना उलटून गेला होता. न घडलेल्या गोष्टीची चौकशी करायला कोण जातं? त्याने ठरवलं की पंख दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचा.

पण तिसऱ्या दिवशी तो एका टॉवरवर चढला. एकशेवीस फुटांवर, कमरेचा पट्टा सळीला अडकवून, दोन्ही हात अँटेनात घातलेले. खाली रस्त्यावरून एक मोटरसायकल गुरगुरत गेली. आवाज कुठून आला ते त्याला क्षणभर कळलं नाही. त्याने मान वळवून आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग पायांखाली.  इतकी वर्षं तो टॉवरवर चढत होता, आणि तिथे हवेत आपल्यासारखा एक माणूस असतो, हे त्याला आज पहिल्यांदा जाणवलं. काम अर्धं टाकून तो खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाचगणीला गेला.

पठाराच्या कडेला, जिथून पॅराग्लायडर झेप घेतात, तिथे पत्र्याची एक खोली आहे. शार्दूलने तिथे बसलेल्या माणसाला तारीख सांगितली, बारा नोव्हेंबर, सकाळी अकरा-सव्वाअकराची वेळ. माणसाने विचार केला आणि उतारावर पंखाची घडी घालत बसलेल्या बाईकडे बोट दाखवलं. सरोज भिलारे. पस्तिशीच्या आतबाहेरची, उन्हाने रापलेली, गेली बारा वर्षं लोकांना आपल्यापुढे बसवून हवेत नेणारी.

शार्दूलने आपण कोण ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, की त्या दिवशी वर असताना काही वेगळं जाणवलं होतं का.

तिचे हात थांबले.

मग तिने सांगितलं. त्या दिवशी मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका तिच्यापुढे बसल्या होत्या. सत्तरीच्या बाई, पण जिगर वीस वर्षांच्या पोरीचा. पाऊण तास झाला होता. उतरायचं रान समोर दिसत होतं आणि सरोज डावीकडे वळून उंची कमी करायच्या बेतात होती. तेवढ्यात बाई म्हणाल्या, अजून दोन मिनिटं चालेल का, मला ते कळस नीट बघायचे आहेत. सरोजने वळण रद्द केलं आणि सरळ गेली. त्याच वेळी पायांखालून आवाज आला. शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा, तसा. आला आणि गेला. तिने खाली वाकून पाहिलं, पण पुढे बसलेल्या बाईंमुळे काही दिसलं नाही.

"डावीकडे वळले असते, तर मी तिथेच खाली गेले असते," ती म्हणाली. "जिथून आवाज आला, तिथे."

 आता उठून गेलो तर कुणाला काही कळणार नाही, हे शार्दूलच्या मनात आलं. ते आलं याचीच त्याला लाज वाटली.

"तो मी होतो, ताई."

तिने त्याच्याकडे पाहिलं.  ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"मी दिसले होते तुम्हाला?"

"नाही."

"...मलाही तुम्ही नाही दिसलात."

खालून वारा चढत होता. घडीतलं कापड फडफडलं, तसं तिने त्यावर गुडघा ठेवला. मग ती जे बोलली, ते शार्दूलने नंतर सरांना शब्दन् शब्द सांगितलं.

"वर आम्हाला सिग्नल नाही, रस्ता नाही, पट्टे नाहीत. मी समोरच्याला बघते, तो मला बघतो. एवढ्यावरच आम्ही सगळे घरी येतो. तुमच्या मशीनमध्ये बघणारं कुणी नव्हतं."

"कॅमेरा होता," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

तिने त्याला पत्र्याच्या खोलीत नेलं. तिथे एक नोंदवही होती. वर असताना कुणाला काही विचित्र आढळलं, तर ते त्यात लिहायची तिथली पद्धत होती. बारा नोव्हेंबरच्या पानावर तिच्या अक्षरात दोन ओळी होत्या: खालून मशीनचा आवाज. काय होतं ते कळलं नाही.

तिने वही त्याच्याकडे सरकवली आणि त्यावर पेन ठेवलं. तक्रार करायची का नाही ते पॅराग्लायडरांचा क्लब ठरवेल, असं तिने सरळ सांगितलं. शार्दूलने त्या दोन ओळींखाली लिहिलं, की तो आवाज माझ्या विमानाचा होता, विमान माझ्या नजरेच्या पलीकडे होतं. खाली नाव, गाव, फोन नंबर. मग सही केली.

क्लबने पुढे त्याला बोलावून घेतलं. दीड तास उभं करून विचारलं, आणि त्याने दीड तास खरी उत्तरं दिली. पुन्हा असं झालं तर थेट पोलिसात जाऊ, असं बजावून त्यांनी त्याला सोडलं. इंटरनेटवरची फिल्म त्याने काढून टाकली नाही. तिच्यावर त्याने नवव्या मिनिटाचं चित्र लावलं, दुसऱ्या सावलीभोवती लाल गोल काढला आणि खाली झालेलं सगळं लिहिलं. त्याला नावं ठेवणारे खूप निघाले. त्याने कुणालाच उत्तर दिलं नाही.

दोन आठवड्यांनी तो वाईला गेला.

पडवीत टेबलावर पंख ठेवलेला होता. आठ फूट लांब, कागदाने मढवलेला, उजेडात आतल्या कामट्या दिसतील इतका पातळ. शार्दूलने एका बोटाने तो उचलून पाहिला. बोटाला वजन लागलं नाही.

त्याने पाचगणीची हकिकत सांगितली. सर ऐकत होते. 

"हा पंचवीस जाईल?" शेवटी शार्दूलने विचारलं.

"आरामात."

"मी तोडेन नियम, असं नाही वाटलं तुम्हाला?"

"नाही वाटलं."

"का?"

"विचारून आलास ना," सर म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

रविवारी सकाळी माळावर शार्दूलने त्या पंखाला मोटर जोडली, बॅटरी बसवली. गॉगल त्याने पिशवीतून बाहेरच काढला नाही. सरांनीही त्याबद्दल विचारलं नाही. त्यांनी विमान दोन्ही हातांत तोललं, वाऱ्याकडे तोंड केलं आणि अलगद सोडून दिलं.

चौदा किलोमीटर जाणाऱ्या शार्दूलचे हात पहिल्याच वळणावर गडबडले. विमान लांब जात होतं तोवर ठीक होतं. ते त्याच्याकडे तोंड करून यायला लागलं, तसा त्याचा उजवा हात विमानाचा डावा झाला. विमान झुकलं, घसरलं, माळावरच्या बाभळीला चाटून वर आलं. सर शेजारी हात मागे बांधून उभे होते. रिमोटला त्यांनी बोटही लावलं नाही. विमान तुझ्याकडे येत असेल तेव्हा ज्या बाजूचा पंख पडतोय, त्याच बाजूला रिमोटची काठी सरकव, एवढंच त्यांनी सांगितलं. शार्दूलने तसं केलं. पंख सरळ झाला.

तासाभरात हात बसला. विमान मोठे, सैल गोल घेत होतं. दर वळणाला पंखाच्या कागदातून ऊन आरपार जायचं आणि कामट्यांच्या रेघा क्षणभर उमटायच्या. ते कसं झुकतं, झुकताना शेपूट कसं हलकेच मागे राहतं, वाऱ्यात कसं थबकतं, हे शार्दूल बघत राहिला. तीन वर्षं गॉगलमधून त्याने डोंगर पाहिले होते, धरण पाहिलं होतं, उसाची रानं पाहिली होती. आपलं विमान उडताना मात्र त्याने आजवर पाहिलंच नव्हतं. ते इतकं देखणं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याची पापणीही लवत नव्हती.

सर त्याच्याजवळ सरकले.

"विमान दिसतंय?"

"दिसतंय, सर."

"नीट?"

"शेपूटसुद्धा दिसतंय."

 माळावरून वारा वाहत होता. शार्दूलचे हात आता स्थिर होते आणि डोळे त्या एका पांढऱ्या पंखावर खिळले होते.

"मग आता त्याच्यावरची नजर काढ," सर म्हणाले. "आजूबाजूच्या आभाळात आणखी कोण आहे, ते बघ."